चार महिन्यांच्या गर्दीवर बेतलेला डोनर: सिएम रीपमधल्या एका तुर्की हॉटेलाचा हिशेब

कंबोडियातल्या सिएम रीपच्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत ४४ खुर्च्यांचं तुर्की हॉटेल. नवरा गाझियांतेपचा, भट्टी आणि डोनर (उभ्या सळईवर रचून, फिरवत भाजून, कापून वाढायचं मांस) त्याच्याकडे. बायको इझमिरची, गल्ला, खरेदी आणि कागदपत्रं तिच्याकडे. हाताखाली नऊ ख्मेर, म्हणजे स्थानिक, माणसं. जेवण चांगलं, नकाशावर तारे भरपूर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री आठला टेबल मिळत नाही. आणि तरी सप्टेंबर आला की पगाराला पैसे कमी पडतात.

हे एखादं ठरावीक दुकान नव्हे. अंगकोरच्या प्राचीन देवळांच्या दारातल्या या गावात परदेशी जोडप्यांनी चालवलेल्या हॉटेलांची जी नेहमीची परिस्थिती असते, ती एका दुकानात बसवून हिशेब मांडला आहे. विक्री, पगार, भाडं हे आकडे त्यासाठी धरलेले आहेत. कायदा, कर, हवामान आणि अंगकोरचं वेळापत्रक मात्र जसं आहे तसं.

मालकांना विचारलं तर ते पावसाळ्याकडे बोट दाखवतात. ते अर्धंच खरं आहे. पावसाळा दर वर्षी येतो, सांगून येतो. खरी गोम अशी की डोनरचं वजन, मेनूची लांबी आणि भाड्याचा करार, तिन्ही गोष्टी भर सीझनच्या रात्री आठ वाजताची गर्दी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेल्या असतात.

गाव देवळांच्या वेळेवर चालतं

अंगकोर वाटचं दार पहाटे पाचला उघडतं. सूर्योदय बघायचा म्हणून पर्यटक साडेचारलाच हॉटेलातून निघतो, नाश्ता डब्यात बांधून नेतो, अकरा-बाराला उन्हाने हैराण होऊन परत येतो आणि सरळ झोपतो किंवा तरणतलावात उतरतो. तीनला पुन्हा बाहेर. बाकीची बहुतेक देवळं साडेपाचला बंद होतात, सूर्यास्तासाठी फ्नोम बाखेंगची टेकडी आणि प्रे रूपचं देऊळ तेवढं सातपर्यंत. त्यामुळे जेवायला माणूस येतो तो साडेसहा ते साडेआठ या दोन तासांत. फारे सर्कसचा खेळ आठला असतो, त्याचं तिकीट असलेला तर सातच्या आत ताट संपवून उठायला बघतो. दुपारी साडेबारा ते दोन एक छोटीशी लाट येते, तीही बेभरवशाची.

इस्तंबूलच्या एखाद्या चौकात डोनर सकाळी अकराला पेटतो आणि रात्रीपर्यंत कापला जातो, कारण समोरून माणसं सतत जात असतात. सिएम रीपमध्ये तसं नाही. दोन तासांची गर्दी, मग शुकशुकाट.

१६ ऑक्टोबर २०२३ला नवा विमानतळ सुरू झाला आणि यात आणखी भर पडली. जुना गावाला लागून होता. नवा सुमारे ४५ ते ५० किलोमीटरवर. संध्याकाळी उतरलेला प्रवासी पूर्वी नऊला जेवायला बाहेर पडायचा, आता खोलीवर पोचेपर्यंतच साडेनऊ वाजतात. परतीच्या दिवशी दुपारचं जेवणही त्याच कारणाने हुकतं. दोन्हींचा फटका गावातल्या मधल्या दराच्या हॉटेलांना जास्त बसला.

वर्षाचा चढउतारही लक्षात घ्यायला हवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडा, सुखद, गर्दीचा. मार्च-एप्रिल कडक उन्हाळा, गर्दी निम्मी-शिम्मी. मे ते ऑक्टोबर पाऊस, त्यात सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात पडका. नदी फुगली की जुन्या बाजाराच्या आसपास रस्त्यांवर पाणी येतं. अंगकोरची तिकिटं काढणारे परदेशी २०१९मध्ये सुमारे २२ लाख होते, २०२०मध्ये चार लाखांवर आले आणि २०२४मध्ये कुठे दहा लाखांच्या पुढे गेले. म्हणजे कोविडआधीच्या गर्दीवर ठरलेली भाडी आणि अपेक्षा आजच्या गर्दीला लावता येत नाहीत. घरमालक मात्र अजून २०१९च्याच गोष्टी सांगतो.

२० किलोचा डोनर

या जोडप्याने तुर्कीहून चार बर्नरचं उभं यंत्र आणलं. त्यावर रोज २० किलोचा चिकन डोनर चढतो, सकाळी साडेदहाला पेटतो. दिसायला रुबाबदार, रस्त्यावरून वास जातो, लोक फोटो काढतात. आता आकडे बघा.

बोनलेस मांडीचं चिकन २० किलो. भाजताना पाणी आणि चरबी जाऊन सुमारे ३० टक्के वजन घटतं, उरतं १४ किलो. ताटात १५० ग्रॅम, दुरुममध्ये (पातळ रोटीची गुंडाळी) ११० ते १२०. सरासरी १३० ग्रॅम धरू. झाले शंभरावर भाग. पावसाळ्यात पार्सल धरून दिवसाला ३५ गिऱ्हाइकं येतात, त्यातली फार तर २० डोनर मागतात. त्यांना शिजलेलं २ किलो ६०० ग्रॅम लागतं, म्हणजे कच्चं ३ किलो ७०० ग्रॅम. उरलेल्या १६ किलो ३०० ग्रॅमचं काय करायचं? किलोला ३.८ डॉलर धरले तर रोजचे ६२ डॉलर, महिन्याचे १,८६०. दुकानाचं भाडं कराच्या भरणीसकट १,३३३ डॉलर आहे. निम्मा उरलेला माल सूपमध्ये, पिदेच्या (होडीच्या आकाराची भरलेली रोटी) सारणात, कामगारांच्या जेवणात खपवला तरी महिन्याला ९३० डॉलर बादलीत जातात.

गंमत म्हणजे भर सीझनलाही २० किलो लागत नाहीत. ९५ गिऱ्हाइकं, त्यातली ५० डोनरवाली, साडेसहा किलो शिजलेलं, सव्वानऊ किलो कच्चं. बारा किलोचा डोनर पुरून उरतो. २० हा आकडा गिऱ्हाइकांवरून आलेला नाही, यंत्राच्या उंचीवरून आलेला आहे.

रात्री उरलेला डोनर सळईसकट थंड करून दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवणं हा मोह सर्वांत धोकादायक. बाहेरचा थर भाजलेला, आतला कच्चा, मधला कोमट. ३३ अंशांच्या हवेत तो गाभा तासन्‌तास ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात राहतो, आणि जंतूंना हवा असतो तो हाच पट्टा. उरलं तर त्याच रात्री सगळं कापून तव्यावर ७४ अंशांच्या वर शिजवायचं, उथळ ट्रेमध्ये पसरून लगेच गार करायचं आणि दुसऱ्या दिवशी फक्त सारणाला वापरायचं. डोनर म्हणून पुन्हा विकायचं नाही.

लहान डोनर चढवण्यातही अडचण आहे, म्हणून उस्ता लोक, म्हणजे मुरलेले आचारी, त्याला नाक मुरडतात. पाच किलोचा डोनर बारीक असतो, आच लवकर गाभ्यापर्यंत जाते आणि मांस चामट होतं. उपाय असा: आखूड सळई घ्यायची, मांस उंच रचायचं नाही, बुटकं आणि रुंद ठेवायचं, व्यास १५ सेंटीमीटरच्या खाली जाऊ द्यायचा नाही, दर चार-पाच थरांमागे कोंबडीच्या कातडीचा एक थर द्यायचा, चारपैकी खालचे दोनच बर्नर पेटवायचे आणि गर्दी नसेल तेव्हा सळई मागे सरकवायची. मसाला दहा किलोला ६०० ग्रॅम घट्ट दही, १६० ग्रॅम मीठ, १२० ग्रॅम टोमॅटो-मिरचीचा साल्चा (घट्ट गर), दीडशे मिली तेल आणि अर्धा किलो कांद्याचा नुसता रस. चोथा राहिला तर तो आधी करपतो. रचून झाल्यावर दाबून बारा तास २ ते ४ अंशांवर. पेटवायची वेळ दुपारी साडेचार, पहिला काप सव्वासहाला.

यंत्राबद्दल एक सूचना, कारण ही चूक सर्रास होते. तुर्कीत ही यंत्रं बहुधा पाइपच्या नैसर्गिक वायूसाठी जुळवलेली मिळतात. सिएम रीपमध्ये सिलिंडरचा एलपीजी. नैसर्गिक वायूच्या नोझलचं भोक मोठं असतं. त्यातून एलपीजी सोडला की ज्योत पिवळी होते, काजळी धरते, मांसाला रॉकेलसारखा वास येतो, शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा धोका. मागवतानाच एलपीजीचे नोझल आणि त्यांना जुळणारा रेग्युलेटर मागून घ्यावा. वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे मोटारीला त्रास नाही. फक्त प्लग बदलावा लागतो.

पीठ, दही, अदाना

कंबोडियात गहू पिकत नाही. मैदा बाहेरच्या गव्हाचाच. पिदे आणि लवाश या पातळ रोटीला साडेअकरा-बारा टक्के प्रथिनांचा मैदा लागतो. पोत्यावर केकचं चित्र असेल तर तो नको, लाटताना फाटतो. पण मैद्यापेक्षा जास्त छळते ती हवा. पीठ मळून झाल्यावर त्याचं तापमान २५ अंशांच्या आसपास हवं. हिशेब सोपा आहे: पंचवीस गुणिले तीन, ७५. त्यातून मैद्याचे ३१, खोलीचे ३२ आणि मळणीयंत्राच्या घर्षणाचे ८ वजा करा. उरले ४. म्हणजे पाणी ४ अंशांचं हवं; नळाचं पाणी ३० अंशांचं असतं, तेव्हा पाव भागाच्या आसपास बर्फच घालावा लागतो. बर्फाचं वजन पाण्यातच धरायचं, नाहीतर पीठ सैल होतं. दहा किलो मैद्याला एकूण ६.२ किलो पाणी, १८० ग्रॅम मीठ. इन्स्टंट यीस्ट तुर्कीत साठ ग्रॅम लागत असेल तर इथे तीस-पस्तीस. हे न पाळल्यास दुपारी मळलेलं पीठ संध्याकाळी सहापर्यंत आंबून खाली बसतं, पिदे फिकट आणि आंबट निघते, आणि दोष भट्टीला दिला जातो.

दही ही दुसरी डोकेदुखी. ताजं दूध थोडं आणि महाग. बहुतेक दूध बाहेरून येणारं, पेटीतलं. पेटीतल्या दुधाचं दही लागतं, पण मऊ लागतं. दहा लिटरला ३०० ग्रॅम दूध पावडर, ४३ अंशांवर अडीच टक्के विरजण, सहा ते आठ तास बंद पेटीत. खोलीच्या ३२ अंशांवर ठेवलं तर लागायला दुप्पट वेळ आणि चवीला जास्त आंबट. हैदारी आणि जाजिक या दह्याच्या तोंडीलावण्यांसाठी ते फडक्यात टांगून घ्यायचं. वजन जवळजवळ निम्मं होतं. निवळी फेकू नये, पिठात पाण्याच्या जागी चालते. आयरानला, म्हणजे तुर्की ताकाला, टांगलेलं दही लागतच नाही. साधं दही, तेवढंच पाणी, मीठ अर्धा-पाऊण टक्का. नफ्याच्या दृष्टीने मेनूवरची सर्वांत चांगली ओळ तीच.

मेंढी कंबोडियात पाळली जात नाही म्हटलं तरी चालेल. मटण येतं ते ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं, गोठवलेलं. स्थानिक गाय-बैलाचं मांस कोरडं, चरबी कमी. म्हणून अदाना कबाबला (सळईवर थापलेला खिमा) तडजोडीचं मिश्रण: साठ टक्के स्थानिक बीफ, वीस टक्के मेंढीचा खांदा, वीस टक्के मेंढीची चरबी. अदानाचा माणूस याला अदाना म्हणणार नाही, मेनूवर 'आमच्या पद्धतीचा' असं लिहिलेलं बरं. हमखास होणारी गडबड म्हणजे कबाब सळईवरून निखाऱ्यात गळून पडणं. ३५ अंशांच्या स्वयंपाकघरात मळताना चरबी वितळून मांसावर तेलाचा थर धरते आणि प्रथिनं एकमेकांना चिकटत नाहीत. भांडं बर्फावर ठेवायचं, मीठ दीड ते पावणेदोन टक्के आधी घालून चिकट होईपर्यंत मळायचं, कांदा आणि मिरची पिळून कोरडी करून मग घालायची, आणि रात्रभर फ्रिजमध्ये. एका सळईला १८० ग्रॅम, सळई चपटी आणि दोन ते तीन सेंटीमीटर रुंद. गोल सळईवर कबाब नुसता फिरतो.

माल कुठून येतो

भाजी, लिंबू, पुदिना, कोंबडी रोज पहाटे राष्ट्रीय महामार्ग ६वरच्या प्सार ल बाजारातून. हलाल मांस हवं असेल तर स्तुंग थ्मेई वस्तीतली, मशिदीजवळची चाम मुस्लिम मंडळी. मलेशिया आणि इंडोनेशियाचा पर्यटक दारात आल्याआल्या हाच प्रश्न विचारतो, आणि उत्तर गुळमुळीत दिलं तर उठून जातो. इथे निर्णय स्वच्छ हवा: मांस हलाल आहे, बिअरही मिळते, दोन्ही गोष्टी पाटीवर लिहायच्या. बिअर बंद करून पूर्ण हलाल व्हायचं तर युरोपीय गिऱ्हाईक रात्रीच्या दुसऱ्या फेरीला बसत नाही. त्याची भरपाई मलेशियाच्या गटांकडून होईल की नाही ते आधीच्या दोन महिन्यांची बिलं काढून बघावं, अंदाजाने ठरवू नये.

सुमाक (आंबट मसाला), पुल बिबेर (भरड लाल मिरची), साल्चा, बुलगुर (गव्हाचा दलिया), डाळिंबाचा अर्क, रिझेचा चहा: हा माल तुर्कीतूनच. वर्षाकाठी दोनदा राजधानी फ्नोम पेन्हमार्गे एकत्र मागवणं परवडतं. बॅगेतून आणलेल्या मालाला बिल नसतं आणि ते पुढे करात नडतं.

२०२५ने या साखळीची परीक्षा घेतली. पोइपेत सीमानाका सिएम रीपपासून साधारण दीडशे किलोमीटर, फ्नोम पेन्ह तीनशेच्या वर. त्यामुळे लोणी, क्रीम, सॉस, डबाबंद माल वर्षानुवर्षं थायलंडहून यायचा. जून २०२५ पासून सीमा बंद होत गेली, कंबोडियाने थाई फळं-भाजी आणि इंधनाची आयात थांबवली, २४ जुलैला लढाई पेटली ती पाच दिवस चालली, आणि डिसेंबरमध्ये पुन्हा. बँकॉकहून बसने येणारा पाठपिशवीवाला प्रवासी तर एका रात्रीत नाहीसा झाला. ज्या हॉटेलांकडे व्हिएतनामी मालाचा दुसरा पुरवठादार आधीपासून थोडाथोडा चालू होता त्यांनी आठवड्यात जुळवून घेतलं. ज्यांचा सगळा माल एका थाई दलालाकडून यायचा ते महिनाभर फ्नोम पेन्हच्या सुपरमार्केटच्या दराने लोणी घेत होते.

करार, परवाने, कर

परदेशी माणसाला कंबोडियात कंपनी शंभर टक्के स्वतःच्या नावावर ठेवता येते, जमीन घेता येत नाही. म्हणून सगळं भाडेकरारावर. जागा बघतानाच एक चौकशी करायची: ती अंगकोरच्या संरक्षित पट्ट्यात येते का? तिथे बांधकामावर अंगकोर सांभाळणाऱ्या अप्सरा प्राधिकरणाचा अंकुश असतो. पत्र्याची शेड, धुराडं, पाटी, कशालाही आडकाठी येऊ शकते. जुन्या बाजाराच्या भागात तो प्रश्न नाही, पण तिथे वरच्या मजल्यावर गेस्टहाउस असतं आणि कोळशाचा धूर सरळ त्यांच्या खिडकीत. धुराडं छताच्या वर नेण्याची लेखी परवानगी करारातच घ्यावी.

भाड्याची सर्वांत मोठी फसगत करात असते. भाड्यावर दहा टक्के कर कापून सरकारजमा करणं हे भाडेकरूचं काम. घरमालक म्हणतो, 'मला हातात १,२०० हवेत.' मग हिशेब १,२००चे दहा टक्के असा होत नाही. १,२०० ही नव्वद टक्के रक्कम, म्हणून पूर्ण भाडं १,३३३ आणि कर १३३. वर्षाला १,६०० डॉलर. हे करार करतानाच बोलायचं असतं. शिवाय तीन वर्षांचा करार असेल तर तिसऱ्या वर्षानंतरच्या वाढीची टक्केवारी आणि मालकाने जागा विकली तर काय, ही दोन कलमं ख्मेर प्रतीतही आहेत ना हे पाहायचं. वाद झाला तर तीच प्रत बघतात.

व्हिसा सुरुवातीपासून ई वर्गाचा, म्हणजे धंद्यासाठीचा, घ्यावा. पर्यटक व्हिसावर आलेल्याला तो एकदाच महिनाभर वाढवून मिळतो, नंतर देशाबाहेर जाऊन यावं लागतं. मुदत संपून राहिल्यास दिवसाला दहा डॉलर दंड. कामाचा परवाना वेगळा, दर वर्षी, माणशी १०० डॉलर, आणि तो मालकालाही लागतो. इथे एक पेच आहे: परदेशी माणसांची संख्या स्थानिक कामगारांच्या दहा टक्क्यांपर्यंत असा नियम. नऊ ख्मेर कामगारांवर एक परदेशीही बसत नाही, इथे तर दोन. जादा कोट्याची परवानगी मागावी लागते, आणि ती आदल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत मागायची असते, जानेवारीत जाग येऊन उपयोग नाही.

कामगारांच्या पगारावर सामाजिक सुरक्षा निधीत मालकाचा वाटा अपघातासाठी ०.८ टक्के, आरोग्यासाठी २.६ टक्के आणि पेन्शनचे २ टक्के. कायम कामगाराला वर्षाला पंधरा दिवसांचा ज्येष्ठता पगार, निम्मा जूनमध्ये, निम्मा डिसेंबरमध्ये. जूनचा हप्ता बरोबर मंदीत येतो, म्हणून तो फेब्रुवारीतच बाजूला काढून ठेवायचा. एप्रिलच्या मध्यावर ख्मेर नववर्ष आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात प्चुम बेन, म्हणजे पितरांचा सण. त्या दिवसांत सगळी माणसं गावी जाणार हे गृहीत धरावं. दुप्पट पगाराचं आमिष दाखवून थांबवलेला कामगार नंतर टिकत नाही. प्चुम बेनला दुकान सरळ पाच दिवस बंद ठेवून भट्टीची डागडुजी करून घेणं शहाणपणाचं.

व्हॅट दहा टक्के, आणि मेनूवरची किंमत तो धरूनच असते. पाच डॉलरच्या दुरुममध्ये ४५ सेंट सरकारचे. शेजारचं नोंदणी नसलेलं दुकान तेच पाचला विकून ४५ सेंट खिशात घालतं, यावर चिडून उपयोग नाही. मात्र प्सार लच्या भाजीवालीकडे कराचं बिल नसतं, त्यामुळे त्या खरेदीचा व्हॅट वजा मिळत नाही, आणि नोंद नीट नसेल तर खर्चही मान्य होत नाही. मग न झालेल्या नफ्यावर २० टक्के कर. रोजच्या खरेदीची तारीख, वस्तू, वजन, रक्कम आणि विक्रेत्याचा अंगठा किंवा सही असलेली वही हा यावरचा गावठी पण चालणारा मार्ग. उलाढालीच्या एक टक्का आगाऊ कर दर महिन्याला भरायचा असतो, तोटा असला तरी.

वर्षाचा ताळा

महिन्याचा ठरलेला खर्च असा धरला आहे: भाडं करासकट १,३३३, नऊ जणांचे पगार २,३००, निधी आणि ज्येष्ठता मिळून २३५, वीज ८००, गॅस ३५०, पाणी, इंटरनेट, कचरा १२०, हिशेबनीस १५०, व्हिसा-परवान्यांचा मासिक भाग ७०, दुरुस्ती २००. एकूण ५,५५८ डॉलर. विक्रीच्या ३६ टक्के माल, ५ टक्के कार्ड, डिलिव्हरी आणि टुकटुकवाल्यांचं कमिशन, १ टक्का आगाऊ कर. म्हणजे शंभरातले ५८ हाती.

चांगल्या वर्षी सीझनचे चार महिने रोज ९५ जण, माणशी साडेनऊ डॉलर: महिन्याची विक्री २७,०७५, उरतात १०,१४५. मार्च-एप्रिल रोज ६० जण, साडेआठ डॉलर: उरतात ३,३१६. पावसाळ्याचे सहा महिने रोज ३५ जण, आठ डॉलर: ८,४०० विक्रीवर ६८६ तोटा. वर्षाअखेर ४३,०९६ शिल्लक. यातून जोडप्याच्या संसाराचे १८,००० काढले तरी बरं दिसतं.

पण ३६ टक्क्यांत डोनरची नासाडी धरलेली नाही. ती धरली की पावसाळ्यातला तोटा ६८६वरून १,६१६वर जातो. आणि २०२५सारखं वर्ष आलं तर? सीझनला ५७ जण नऊ डॉलरने, मार्च-एप्रिल ४० जण साडेआठने, पावसाळ्यात २५ जण आठने. नासाडी शून्य मानली तरी वर्षाची शिल्लक १,७२० डॉलर. संसाराचे १८,००० मागच्या शिलकीतून. तुर्कीतून मदत मागवायची तर २०१८च्या सुरुवातीला पावणेचार लिरांना मिळणारा डॉलर २०२५मध्ये चाळीस लिरांच्या वर गेलेला. भावाने पाठवलेली रक्कम इथे पोचेपर्यंत चहापाण्यापुरती उरते. म्हणून सहा महिन्यांचा ठरलेला खर्च, म्हणजे ३३ हजारांच्या आसपास, डॉलरमध्येच वेगळा ठेवल्याशिवाय या गावात दुकान उघडू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. अनेक जण त्यातला अर्धा भाग लाकडी नक्षीकाम आणि रंगीत दिव्यांवर घालवतात.

काय बदललं तर काय होतं

पहिलं, भाडं. १,२०० डॉलर बारा महिने म्हणजे १४,४००. तेच मे ते ऑक्टोबर ९०० आणि बाकी सहा महिने १,५०० केलं तरी १४,४००च. घरमालकाचं काही जात नाही, शिवाय वर्षभर भाडेकरू टिकतो. हे कागदावर मांडून दाखवलं तर तो ऐकतो, तोंडी विनवणी ऐकत नाही. पावसाळ्यातलं भाडं करासकट १,००० वर येतं.

दुसरं, मेनू. ६० पदार्थांच्या जागी मे ते ऑक्टोबर २२. दुपारी डोनर बंद. मसूर डाळीचं सूप, पिदे, लाहमाजुन (खिमा पसरलेली पातळ रोटी), कोफ्ते. भट्टी दिवसातून दोनदा पेटवण्याऐवजी दुपारी एकदाच तापवून संध्याकाळपर्यंत मंद ठेवायची. एका बाजूचा एसी बंद. वीज आणि गॅस मिळून २५० डॉलर वाचतात.

हे दोन बदल आणि पाच किलोचा डोनर एवढं केलं की ठरलेला खर्च ४,९७५वर येतो, नासाडी जवळजवळ जाते, आणि पावसाळ्यातला तोटा महिन्याला १०३ डॉलर उरतो. ना नफा ना तोटा व्हायला दिवसाला ४० ऐवजी ३६ गिऱ्हाइकं पुरतात.

पावसाळ्यातली ती ३६ माणसं देवळं बघायला आलेली नसतात. ती असतात गावात राहणारे परदेशी, संस्थांमधले लोक आणि ख्मेर तरुण. ख्मेर गिऱ्हाइकाला दह्याचा आंबटपणा आणि मेंढीचा वास फारसा रुचत नाही. चिकन डोनर भातावर, बाजूला गोड तिखट सॉस, दर तीन-साडेतीन डॉलर, पैसे केएचक्यूआर या स्थानिक क्यूआर कोडने. उस्ताला हे रुचत नाही. खपतं मात्र तेच.

मुंबई-पुण्याहून व्हिएतनाम-कंबोडियाच्या सहली घेऊन येणाऱ्या टूर मॅनेजरचा फोन आला की मोह होतो: तीस माणसं, सात वाजता, शुद्ध शाकाहारी, त्यातले आठ जैन. तुर्की शाकाहारी जेवण भरपूर असलं तरी सूपपासून वांग्यापर्यंत सगळ्यात कांदा-लसूण असतो, आणि दारातच डोनर फिरत असतो. वेगळी भांडी आणि वेगळा तवा ठेवता येत नसेल तर नाही म्हणावं. ठेवता येत असेल तर गट साडेपाचला बोलवावा, म्हणजे सातची गर्दी मोडत नाही.

नोव्हेंबर लागला की डोनर किती वाढवायचा, हा प्रश्न दर वर्षी भांडणाचा असतो, कारण उस्ताला पहिल्याच दिवशी २० किलो चढवायचे असतात. त्यावर वहीत लिहून ठेवलेला नियम चालतो. सलग तीन रात्री साडेआठच्या आत डोनर संपला, तर चौथ्या दिवशी दोन किलो वाढ. सलग दोन रात्री दहा वाजता दीड किलोपेक्षा जास्त उरला, तर दोन किलो कमी. बाराच्या वर एक डोनर जाऊ द्यायचा नाही. गरज पडलीच तर चार किलोचा दुसरा रचून फ्रिजमध्ये तयार ठेवायचा आणि साडेसहाला पहिल्याचा अंदाज घेऊन मगच पेटवायचा. न पेटलेला डोनर दुसऱ्या दिवशीही डोनरच असतो.